इसेन्शियल ट्रेमरवरील केंद्रित अल्ट्रासाउंड उपचार

कवटी न उघडता, एमआरआयच्या देखरेखीखाली अल्ट्रासाउंड लहरी मेंदूतील एका बिंदूवर एकवटून हाताचा कंप कमी करण्याची पद्धत. लहरींच्या उष्णतेने कंपाला कारणीभूत असलेल्या जाळ्यातील लहानसा भाग कायमचा निकामी केला जातो.

आजार : इसेन्शियल ट्रेमरमध्ये हात कामाला लागला की थरथरतो. कप ओठांशी नेताना चहा सांडतो, सही जुळत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. काहींचे डोके व आवाजही कापतो. पार्किन्सनमध्ये मात्र कंप मुख्यतः हात विसावलेला असताना दिसतो. सुमारे निम्म्या रुग्णांच्या घराण्यात हा विकार आढळतो. दारू-ताडी घेतल्यावर अनेकांचा कंप तात्पुरता कमी होतो. निदानाला या माहितीचा उपयोग होतो, पण दारू हा उपचार नव्हे. प्रोप्रॅनोलॉल व प्रिमिडोन ही नेहमीची औषधे. ती पुरेशी लागू पडली नाहीत, तरच या उपचाराचा विचार होतो.

कंपाचा जोर पाहण्यासाठी रुग्णाकडून कागदावर सर्पिल काढून घेतात. डहाणू-तलासरीच्या वारली चित्रांत तारपा नाचाची रांग अशीच वळत जाते. तांदळाच्या पिठाच्या रंगात बुडवलेल्या काडीने ती बारीक रेघ ओढणाऱ्या हाताला कंप जडला, तर तो रेघेतच उमटेल.

प्रक्रिया : आधी सीटी स्कॅनवरून कवटीची जाडी व घनता तपासतात, काहींच्या कवटीतून लहरी पुरेशा आत जात नाहीत. डोके पूर्ण भादरून त्यावर धातूची चौकट बसवतात. शिरस्त्राणासारख्या यंत्रात १,०२४ लहरी-उत्सर्जक असतात. कवटी तापू नये म्हणून त्वचा आणि यंत्र यांच्यामध्ये थंड पाणी खेळवतात. लक्ष्य असते थॅलॅमसमधील ‘व्हीआयएम’ हे केंद्रक. प्रथम सौम्य उष्णता देऊन कंप उतरतो का, जीभ किंवा बोटे बधिर होतात का, हे पाहतात. जागा योग्य ठरली की तापमान सुमारे ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत नेतात. एमआरआयवर तापमान सतत दिसत राहते. रुग्ण जागा असतो व मधूनमधून सर्पिल काढून दाखवतो.

इतिहास : १९५०च्या दशकात अमेरिकेत विल्यम व फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी मेंदूवर केंद्रित अल्ट्रासाउंडचे प्रयोग केले, पण त्या वेळी कवटीचा भाग काढावा लागे. कवटीमुळे विस्कटणाऱ्या लहरी संगणकाने जुळवून घेण्याचे तंत्र आल्यावर ही अडचण सुटली. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जेफ्री इलियस यांच्या नेतृत्वाखालील ७६ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी हाताच्या कंपाचा गुणांक सरासरी ४७ टक्क्यांनी घटला. नकली उपचाराच्या गटात तो जवळजवळ तसाच राहिला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका बाजूच्या उपचाराला मान्यता दिली. दुसऱ्या बाजूची मान्यता २०२२ मध्ये मिळाली. दोन उपचारांत किमान नऊ महिन्यांचे अंतर ठेवतात.

मर्यादा : बधिरपणा आणि चालताना तोल जाणे हे मुख्य दुष्परिणाम. बहुतेकांचे ते ओसरतात, काहींचे टिकतात. विकार मुळातून बरा होत नाही व काहींचा कंप काही प्रमाणात परततो. डीप ब्रेन स्टिम्युलेशन या दुसऱ्या उपचारात मेंदूत तारा व छातीत यंत्र बसवावे लागते. मात्र त्याचा जोर नंतर कमी-जास्त करता येतो. अल्ट्रासाउंडने केलेली जखम मागे घेता येत नाही.

उपलब्धता : भारतात ही सोय मोजक्या रुग्णालयांत आहे, कोइम्बतूरचे रॉयल केअर हे त्यांपैकी एक. मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील अच्छाडसारख्या राज्याच्या सीमेवरच्या गावातील रुग्ण सहसा डहाणू, सिल्वासा, वापी किंवा मुंबई गाठतात. तेथे या यंत्राआधी गरज असते ती निदानाची. थायरॉइडचा विकार, दम्याची काही औषधे आणि दारू सोडल्यानंतरची अवस्था यांमुळेही हात थरथरतात, आणि त्यांवर हा उपचार लागू पडत नाही.