शिडीवरून जमिनीवर



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे यांची अपेक्षा असते. आम्ही आज जो इतिहास सांगणार आहोत त्यात राजा एकच येतो, आणि तोही खिडक्यांवर कर बसविण्यापुरता. आमचा विषय आहे काचा पुसणारा माणूस आणि त्याच्या हातातला दांडा. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा विद्वत्तेचा आव आम्ही आणीत नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका अपघातामुळे. मुंबईत सफाई कामगारांत काम करीत असताना आमचा एक सभासद शिडी घसरून पडला व त्याच्या कमरेचे हाड मोडले. पुसायची काच होती पहिल्या मजल्याची. आम्ही ठेकेदाराकडे गेलो, तेव्हा त्याने हजेरीपट पुढे टाकला. त्यात त्या माणसाचे नावच नव्हते! भरपाईचा झगडा पुढे वर्षभर चालला. तो येथे सांगत बसत नाही. पण इस्पितळात त्याच्या म्हाताऱ्या आईने आम्हांला विचारले, "भाऊ, दिवाळीला आम्ही बांबूला केरसुणी बांधून आढ्याची जळमटं काढतो. तुमच्या एवढ्या मोठ्या मुंबईत काच पुसायला माणूस कशाला चढवतात?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता आम्ही विलायतेच्या इतिहासात शिरलो.

इंग्लंडात १६९६ साली, तिसऱ्या विल्यमच्या कारकिर्दीत, खिडक्यांवर कर बसला. कर चुकविण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या. तशा आंधळ्या खिडक्या तिकडच्या जुन्या घरांना आजही दिसतात. काचेच्या उत्पादनावरचा कर १८४५ साली उठला आणि खिडक्यांवरचा १८५१ साली. त्याच १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. त्याला सुमारे तीन लाख तावदाने होती. पुढे १९५९ साली पिल्किंग्टन यांच्या कारखान्याने वितळलेल्या कथिलावर काचेचा रस पसरून सपाट काच करण्याची रीत जाहीर केली, आणि इमारतींच्या भिंतीच काचेच्या होऊ लागल्या. काच जसजशी वर चढली तसतसा ती पुसणाराही वर चढला.

त्याची हत्यारे मात्र साधीच राहिली: शिडी, बादली, फडके आणि चामड्याचा मऊ तुकडा. १९३६ साली अमेरिकेतील ओकलंड येथे एत्तोरे स्तेकोने या इटालियन कारागिराने हलक्या पितळी मुठीत एकच रबरी पट्टी बसविलेल्या पुसणीचे पेटंट घेतले. ही पुसणी आजही जगभर चालते. तिने हाताचे श्रम वाचविले, वेळ वाचविला. पण शिडीवरची दोन्ही पावले जिथल्या तिथेच राहिली.

येथे श्रोत्यांनी आमच्याबरोबर थोडे मागे यावे, कारण जमिनीवर उभे राहून उंचावरची सफाई करण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडातल्या धुराड्यांत काजळी साफ करण्यासाठी लहान मुले चढवीत असत. कोपरे आणि गुडघे सोलून निघत, काही मुले आत अडकून गुदमरून मरत. १७८८ साली कायदा झाला, की आठ वर्षांखालील मूल या कामावर घेऊ नये. १८०३ साली जॉर्ज स्मार्ट या कारागिराने एकात एक जोडता येणाऱ्या पोकळ नळ्यांच्या टोकाला कुंचा बसविला. खाली उभे राहून तो धुराड्यात सारायचा, की काम झाले. हत्यार तयार होते आणि ते चालतही होते. मग मुले खाली उतरली काय? नाही! १८३४ साली कायदा झाला, १८४० साली झाला, १८६४ साली झाला. मुले चढतच राहिली. मूल स्वस्त होते आणि घरमालकाला आपल्या धुराड्यात नवे यंत्र नको होते. १८७५ साली जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाच्या धुराड्यात अडकला व त्याचा अंत झाला. तेव्हा कोठे लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नाने धुराडी साफ करणाऱ्याला परवाना सक्तीचा करणारा आणि अंमलाची जबाबदारी पोलिसांवर टाकणारा कायदा झाला. हत्यार १८०३ चे, सुटका १८७५ ची. मधली बहात्तर वर्षे हाच आमच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

आता पुन्हा काचेकडे वळू. पोकळ दांड्यातून पाणी वर नेऊन टोकाच्या कुंच्याने काच धुण्याची युक्ती अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून होती. इंग्रजीत त्याला वॉटर-फेड पोल म्हणतात. आम्ही त्याला पाण्याचा बांबू म्हणतो. अडचण दांड्याची नव्हती, पाण्याची होती. नळाच्या पाण्यात चुना, मॅग्नेशियम वगैरेंचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळले की क्षार काचेवर पांढरे ठिपके होऊन बसतात. म्हणजे धुतलेली काच कोरडी करायला माणूस पुन्हा वर हवाच!

हा तिढा रसायनशास्त्राने सोडविला. १९६०च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी खारे पाणी गोडे करण्यासाठी एक पातळ पडदा तयार केला. दाबाखाली पाणी त्यातून पार होते, क्षार बहुतांशी मागे राहतात. आपल्या घरोघरी आलेली आर.ओ. यंत्रे त्याच वंशातली. काच धुणाऱ्यांनी त्यापुढे राळेच्या मण्यांचे भांडे जोडले, की उरलेसुरले क्षारही निघून जातात. क्षार मोजायचे लहानसे यंत्र शून्य दाखवू लागले की पाणी कामाचे. असे पाणी काचेवर आपोआप वाळते आणि मागे काहीच ठेवीत नाही. साबण नको, फडके नको, शिडीही नको.

दांडाही बदलला. ऍल्युमिनियमच्या जागी काचतंतू आला, मग कार्बनतंतू आला. दुर्बिणीसारखे एकात एक सरणारे हे दांडे पाचसहा मजल्यांपर्यंत पोचतात. गाडीत पाण्याची टाकी, बॅटरीवर चालणारा पंप, नळीचे रहाट. टोकाला कुंचा आणि त्यात पाण्याचे दोन फवारे.

पण धुराड्याची कथा आपण ऐकली आहे. नुसत्या हत्याराने काय होते? ब्रिटनमध्ये १९७४ साली कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षितता यांचा मूळ कायदा झाला. १९९२ च्या नियमांनी सांगितले, की इमारतीच्या खिडक्या धोक्याशिवाय साफ करता येतील अशी सोय असली पाहिजे. आणि ६ एप्रिल २००५ रोजी उंचीवरच्या कामाचे नियम अंमलात आले. त्यांचा क्रम आम्हांला फार मोलाचा वाटतो. पहिली पायरी: वर चढणे टाळता येत असेल तर टाळा. दुसरी: टाळता येत नसेल तर पडू नये अशी व्यवस्था करा. तिसरी: पडलाच तर इजा कमी व्हावी अशी तजवीज करा. शिडीवर बंदी आली अशी आवई तिकडे उठली होती. ती खरी नव्हती. थोड्या वेळाच्या, कमी धोक्याच्या कामाला शिडी चालते. परंतु आता "माणूस वर का चढविला?" या प्रश्नाचे उत्तर मालकाला द्यावे लागते. आमच्या म्हातारीचा प्रश्न तिकडे कायद्याने विचारला!

त्याच नियमांनी काम करणारा माणूस जाणता असला पाहिजे, हेही सांगितले. म्हणून शिक्षणाला महत्त्व आले. दांडा दिसतो सोपा. शिकवावे लागते ते असे. काम सुरू करण्यापूर्वी आधी वर पाहावे. विजेची तार असेल तर दांडा उभारू नये. कार्बन आणि ऍल्युमिनियम यांतून वीज वाहते, आणि ओल्या काचतंतूवरही भरवसा ठेवता येत नाही. पादचाऱ्यांसाठी खुणा मांडाव्यात, नळी पायांत येऊ देऊ नये. प्रथम वरची चौकट धुवावी, मग काच घासावी, शेवटी वरून खाली स्वच्छ पाणी सोडावे. चौकटीची घाण मागाहून ओघळली तर सारे श्रम वाया. जोर मानेचा व खांद्याचा नव्हे, पायांचा लावावा. बाजू बदलीत राहावे.

कारण शिडी गेली म्हणून धोका संपला, असे नाही. दिवसभर मान वर करून दांडा चालविणाऱ्याची मान व खांदे धरतात. पाचशे लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन. टाकी गाडीला पक्की जखडलेली नसेल, तर ब्रेक लागताच ती चालकाच्या पाठीवर येते. साचलेल्या कोमट पाण्यात लीजनेला नावाचे जंतू वाढतात. तिकडे बहुतेक काचवाले आपापली गिऱ्हाइके सांभाळून स्वतंत्र धंदा करणारे; बादली आणि शिडी स्वस्त, गाडी, टाकी आणि पडदे महाग. यंत्र आले की कर्जही येते आणि एकटा माणूस दोघांचे काम करू लागतो. यंत्राला विरोध करणे हा यावर उपाय नव्हे. यंत्र कोणी घ्यायचे, शिकवायचे कोणी आणि वाचलेल्या श्रमाचा वाटा कोणाला, हे संघटितपणे ठरविणे हा उपाय आहे.

आपल्याकडचे काय? १९४८ च्या कारखाने कायद्यात आणि १९९६ च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यात उंचीवरच्या कामाची कलमे होती. त्यांची जागा आता २०२० च्या सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याला कोणतीही संहिता सापडत नाही. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, यंत्रेही आहेत, तरी माणसे गुदमरून मरतात. ती बहात्तर वर्षे आपल्याकडे अजून चालू आहेत.

मुंबईच्या चाळीस मजली मनोऱ्यांना पाण्याचा बांबू पुरणार नाही. तेथे दोर आणि पाळणा लागेलच. पाणी शुद्ध करताना बरेच वाया जाते, याचाही आपल्या टंचाईच्या गावांना विचार करावा लागेल. परंतु शाळा, इस्पितळे, बँका, दुकाने यांच्या दोन-तीन मजल्यांसाठी माणूस चढविण्याचे कारण उरलेले नाही. म्हणून सफाईच्या प्रत्येक ठेक्यात दोन कलमे असावीत असा आमचा आग्रह आहे: जमिनीवरून होणारे काम जमिनीवरूनच व्हावे, आणि हत्याराचे शिक्षण पगारी वेळेत, कामगाराचे नाव हजेरीपटावर लिहून द्यावे.

त्या माउलीला आज आम्ही उत्तर देऊ शकतो. बांबू होता, आई. तो तुझ्या मुलाच्या हाती देण्याची सक्ती कोणावर नव्हती. ती सक्ती आणणे हे आमचे काम होते, आणि ते अजून बाकी आहे.