भंडारा काळा कामून?

एसटी लोहा सोडते आणि रस्त्याच्या कडेने बैलगाड्यांची रांग सुरू होते. खिडकीतून बोचरा वारा आत घुसतो. त्याला धुळीचा, शेणाचा आणि हळदीचा मिळून एक वास आहे. नांदेड–लातूर रस्त्यावर माळेगावला गाडी थांबते तेव्हा कंडक्टर गावाचं नाव घेत नाही, नुसतं ‘खंडोबा, खंडोबा’ ओरडतो आणि अर्धी गाडी रिकामी होते. तुम्हीही उतरता.

1975 चा जानेवारी आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. माळेगाव अजून कंधार तालुक्यात आहे. लातूर अजून जिल्हा झालेला नाही, ते उस्मानाबाद जिल्ह्यात मोडतं. वेगळा जिल्हा व्हायला 16 ऑगस्ट 1982 उजाडेल. नांदेडला मीटर गेजची गाडी येते, लातूरला बार्शी लाइट रेल्वेची त्याहूनही लहान, अडीच फुटी रुळांवरची. बहात्तरचा दुष्काळ सरला असला तरी माणसं अजून पाण्याकडे त्याच नजरेने बघतात. पाहिजे तेवढंच पितात, भांडं विसळलेलं पाणीही फेकत नाहीत.

सवयीने हात खिशाकडे जातो. फोन नाही. बरंच झालं.

घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा बाजार ओलांडून, घोंगड्यांच्या ढिगांमधून वाट काढत तुम्ही देवळाच्या बाजूला निघता. ‘यळकोट यळकोट जय मल्हार’ कानावर येत राहतं आणि मूठमूठ भंडारा हवेत उडतो. पालखीजवळ पोचेपर्यंत तुमचे खांदे, भुवया, पापण्या पिवळ्या झालेल्या असतात. राहुट्यांच्या अलीकडे दोन बांबूंना एक पडदा बांधलाय. त्यावर निळं तळं, दोन हंस आणि कुठेच न जाणारा एक संगमरवरी जिना रंगवलाय. पडद्यासमोर तिकाटण्यावर एक लाकडी पेटी आहे. पेटीला पुढून भिंग, मागून दार आणि बाजूला काळ्या कापडाची एक लांब बाही, जणू कुणाचा तरी एकच हात शिवायचा राहून गेलाय.

याला मिनिट कॅमेरा म्हणतात. मला या पेटीबद्दल सांगायचंय ते तिच्या बाहेरून कळत नाही, म्हणून तुम्हाला आत न्यायचंय. जत्रेतले जुने फोटो पाहून सगळे पडद्यावरच्या हंसांचं कौतुक करतात. खरं काम त्या बाहीच्या आत चाललेलं असायचं आणि ते करणाऱ्या माणसाला आपण कधी कारागीर म्हटलं नाही, रसायनं जाणणारा तर नाहीच नाही.

‘घाला हात,’ फोटोवाला म्हणतो. ‘घाबरू नगा. सांडू नगा मात्र.’

बाहीच्या तोंडाला नाडी आहे. हात कोपरापर्यंत आत गेला की तो ती आवळून बांधतो, उजेडाची फट राहू नये म्हणून. आत गार आहे. पहिल्यांदा बोटांना लागतो तो एक चपटा डबा. त्यात ब्रोमाइड कागदाचे कापलेले तुकडे आहेत. हा कागद कदाचित ऊटीचा असेल. तिथे हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना 1967 पासून ‘इंदू’ नावाचा माल काढतोय. अंगठा आणि तर्जनीमध्ये तुकडा धरून बघा. एक बाजू कोरडी, दुसरी किंचित चिकटणारी. चिकटते ती कामाची बाजू, तिच्यावर चांदीचा क्षार बसवलेला आहे. अंधारात सुलटं-उलटं ओळखायची एवढी एकच खूण.

डब्याच्या पुढे उभी दुधी काच. ती एका दांडीवर बसवलीय आणि दांडी बाहेरून मागेपुढे सरकवता येते. मागचं दार उघडून फोटोवाला आधी याच काचेवर बघतो. तिथे अख्खी जत्रा डोक्यावर उभी असते. चेहरा रेखीव झाला की दांडी आवळायची, दार बंद करायचं, भिंगावर टोपण घालायचं आणि अंधारात कागद काचेला लावून उभा करायचा. पेटीच्या बुडाशी दोन ताटल्या. डावीकडची डेव्हलपरची, उजवीकडची हायपोची. हात डावीकडून उजवीकडे जातो, उलटा कधीच नाही. हायपोचा एक थेंब डेव्हलपरमध्ये पडला की ताटली खराब होऊ लागते, म्हणून बोट आधी धोतराच्या तुकड्याला पुसायचं आणि मगच परत फिरायचं. तो तुकडाही आत एका खिळ्याला अडकवलेला आहे. वर झाकणाला एक भोक आहे, डोळा लावायला. बाजूला लाल काचेची इवलीशी खिडकी. ब्रोमाइड कागदाला निळा उजेड दिसतो, लाल दिसत नाही, म्हणून लाल उजेडात तुम्ही त्याला बघू शकता आणि तो तुम्हाला बघू शकत नाही.

सकाळपासून त्याने डेव्हलपरची बाटली शेकोटीजवळ ठेवली होती. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन पाण्यात कालवून हे पाणी करतात. त्यातलं हायड्रोक्विनोन थंडीत गारठतं, काम सोडतं. बालाघाटाच्या माळावर जानेवारीच्या सकाळी फोटो फिका आला तर गिऱ्हाईक भिंगाला दोष देतं. फोटोवाल्याला ठाऊक असतं की बाटली गार आहे, आणि तो ती काखेत धरून बसतो.

गिऱ्हाईक येतं. म्हातारी, तिचा मुलगा, सून, कडेवर पोर. अहमदपूरकडचे आहेत, बैल विकायला आलेत. म्हातारीच्या कपाळभर भंडारा.

‘माय, कपाळ जरा पुसून घे. फोटूत काळं येतं.’

‘येडा हाईस का रे बाबा? देवाचा भंडारा पुसत असतेत का?’

‘मग काळा आला तर मला बोलू नको.’

‘येऊ दे.’

तो खरं बोलतोय. ज्या कागदाला फक्त निळं दिसतं, त्याच्या लेखी पिवळं म्हणजे अंधार. हळदीवरून परतणारा उजेड कागदावर उमटतच नाही. कुंकवाचीही तीच गत, लाल लुगड्याचीही. गव्हाळ चेहरासुद्धा या कागदाला आहे त्याहून सावळा दिसतो. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजोबांच्या फोटोकडे बघून ‘फार काळे होते’ असं म्हणतात. ते काळेपण बरंचसं कागदाचं होतं. सबंध जत्रा पिवळी असताना तिथेच पिवळं न दिसणारं यंत्र घेऊन उभं राहायचं, हे सोपं नव्हतं. त्यावर तोड म्हणून फोटोवाल्याच्या खिशात लाल शाईची बाटली असते. तिचं काम पुढे येईल.

‘हालू नका. माय, इकडं बघ. पोराला धरा.’ टोपण निघतं. एक, दोन. टोपण परत बसतं. शटर वगैरे काही नाही, मनगट हेच शटर.

आता तुमचा हात. काचेवरून कागद काढा, डावीकडच्या ताटलीत बुडवा, ताटली हलकेच झुलवा. भोकाला डोळा लावा. लाल अंधारात कागदावर आधी मुलाचं धोतर येतं, पण काळं होऊन. मग म्हातारीचे पांढरे केस, तेही काळे. बोट पुसून कागद हायपोत टाका. हायपो उरलेला चांदीचा क्षार विरघळवून टाकतं, नाहीतर बाहेर काढताच कागद काळाठिक्कर पडेल. याला थोडा वेळ लागतो.

तेवढ्या वेळात एक चक्कर मारून येऊ. हात बाहीतच राहू द्या.

1925 चा सप्टेंबर, न्यूयॉर्क, ब्रॉडवे. सैबेरियातल्या ओम्स्कहून आलेल्या अनातोल जोसेफोने तिथे ‘फोटोमॅटन’ नावाचं कपाट उभं केलंय. पंचवीस सेंटांत आठ फोटो, आठेक मिनिटांत. लोक रांग लावून उभे. कपाटाच्या मागे जाऊन बघा, तीच पेटी आहे, फक्त मोठी. ताटल्यांच्या जागी उभ्या टाक्या आणि तुमच्या हाताच्या जागी एक यांत्रिक हात, कागदाची पट्टी एका टाकीतून दुसरीत बुडवत नेणारा. पण एक मोठा फरक आहे. तुमच्या हातात आत्ता जशी उलटी छबी आहे तशी याच्यातही उमटते, मात्र एका टाकीतलं रसायन ती खाऊन टाकतं आणि उरलेल्या क्षारातून सुलटी छबी त्याच कागदावर उठते. म्हणजे उलटी छबी कपाटाच्या आतच मरते. ती कुणी कधी पाहत नाही.

आता 1995 चा जुलै, जपान. खेळयंत्रांच्या दुकानात एक नवं खोकं आलंय, ‘प्रिंट क्लब’. अॅटलस कंपनीतल्या सासाकी मिहो या बाईंची कल्पना, सेगाच्या साथीने बाजारात आणलेली. तीनशे येन टाका आणि चिकटवायचे सोळा इवले फोटो घ्या. शाळकरी मुली वहीभर चिकटवून एकमेकींशी बदलतायत. पाठीमागचं पत्र्याचं दार उघडा. आत व्हिडिओ कॅमेरा, एक पडदा आणि सेगाच्या घरगुती खेळयंत्राच्या, मेगा ड्राइव्हच्या, घराण्यातला बोर्ड. त्यावर मोटोरोलाची 68000 चिप. तिचं काम एवढंच की कॅमेऱ्यातल्या चालत्या चित्रावर फुलांची, ताऱ्यांची चौकट बसवायची. मला हे बघून माळेगावचा पडदा आठवतो. तिथे हंस माणसांच्या मागे होते, इथे फुलं माणसांच्या पुढे आली.

खाली छपाईचा भाग. तिथे पाणी नाही, हायपो नाही. तीन रंगांच्या पट्ट्या एकामागून एक असलेली पातळ फीत आहे. आधी पिवळी, मग किरमिजी, मग निळसर. फितीला बारीक बारीक तापत्या टोकांची ओळ दाबून धरते. जिथे जितकी उष्णता, तिथला तितका रंग वाफ होऊन कागदात शिरतो. कागद तीनदा मागेपुढे जातो आणि चेहरा तयार. हळदीचा रंग इथे सगळ्यांत आधी. आता वापरलेली फीत जरा उजेडाकडे धरा. जिथला रंग कागदावर गेला तिथे ती फिकी पडलीय आणि त्या फिकेपणात तोच चेहरा आहे, उलटा. मुली सोळा चिकट्या घेऊन हसत निघून गेल्या. त्यांची उलटी छबी खोक्यातच गुंडाळून राहिली. फीत संपली की यंत्र सांभाळणारा माणूस ती कचऱ्यात टाकतो.

चला परत. हायपोचं काम झालं असेल.

फोटोवाला नाडी सोडतो. तुमच्या हाताबरोबर ओला कागद उजेडात येतो. तो बादलीत बुचकळून काढतो. बादली अर्धीच भरलेली आहे, पाणी लांबून आणावं लागतं, शेजारी ठेवलेली घागर त्याला दिवसभर पुरवायचीय. असे फोटो पुरते धुतले जात नाहीत. हायपोचा अंश कागदात राहतो आणि वर्षं गेली की फोटो पिवळा पडू लागतो.

भिंगासमोर एक लाकडी हात बाहेर काढता येतो, त्याच्या टोकाला फळी. उलटी छबी त्या फळीवर ओलीच चिकटवतात. भिंगापासून फळी जितकी लांब तितकाच आतला कागद लांब ठेवायचा, म्हणजे छबी होती तेवढीच येते. पुन्हा टोपण, पुन्हा बाही, पुन्हा दोन ताटल्या. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं. डावं-उजवंही आपोआप जागेवर येतं, मुलाचा खिसा डाव्या छातीवर.

म्हातारी फोटो हातात घेते. लांब धरते, जवळ धरते. अशा माणसाला फोटोचं कामच पडत नसे. मतदार ओळखपत्रावर फोटो यायला 1993 उजाडायचं होतं. तोवर खेड्यातल्या कष्टकरी बाईचा चेहरा कागदावर यायचा तो जत्रेत, आला तर.

‘भंडारा काळा कामून रे?’

‘सांगितलं व्हतं की, माय. थांब, लाल लावतो, दुसरा काढून देतो.’ तो शाईची बाटली काढतो. उलट्या छबीत कपाळावर लाल शाई फिरवली की कागदाला तिथे अंधार दिसेल आणि सुलट्या फोटोत कपाळ उजळ येईल. चेहरेही तो असेच उजळवतो. कुंचला बुडवून तो फळीकडे वळतो, तशी म्हातारी त्याच्याआधी तिथे पोचलेली असते.

‘हे कुणाचं हाय?’

‘तुझंच. उलटं हाय ते. त्याच्यावरून काढतेत.’

ती वाकून बघते. करड्या तोंडावर कपाळ तेवढं लख्ख पांढरं. कागदाला हळद दिसली नाही, म्हणून तिथे काही काळवंडलंच नाही. साऱ्या चेहऱ्यावर ती एकच जागा उजेडाची.

‘ह्यात भंडारा उजळ हाय. हे दे मला.’

‘अगं माय, केस काळे, धोतर काळं, ह्यात सगळंच उलटं हाय.’

‘असू दे.’

मुलगा काही बोलायला जातो आणि गप्प बसतो. फोटोवाला कुंचला पुसतो, शाईच्या बाटलीला बूच लावतो. फळीवरून उलटी छबी सोडवताना तो तिच्या कडा नखाने जपून उचलतो. मग ती बादलीत सोडतो आणि बराच वेळ खालीवर करत राहतो, सुलटा फोटो केला नव्हता तेवढा वेळ. पाणी गढूळ झालेलं बघून तो ते ओतून देतो, घागर उचलतो आणि दिवसभराचं राखलेलं पाणी बादलीत रिकामं करतो.