पुस्तक अकोल्यात, वाचक अमरावतीत : रांग कोणाची?

१/ अमरावती आणि अकोला यांच्यात रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर आहे. जून २०२२ मध्ये या दोन शहरांदरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाला आणि जागतिक विक्रम ठरला. परंतु अकोल्याच्या वाचनालयातील पुस्तक अमरावतीच्या वाचकासाठी राखून ठेवायचे, तर त्याची वाट आजही सोपी नाही. असे का, हे समजण्यासाठी वाचनालयांच्या इतिहासात जावे लागते. #धागा

२/ वऱ्हाडातील वाचनालयांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय हे त्यातले ठळक नाव. अशी वाचनालये गावकऱ्यांच्या देणग्या, सभासदांची अनामत आणि मासिक वर्गणी यांवर चालत आली. पुस्तक बाहेर गेलेले असेल, तर ग्रंथपाल मागणी नोंदवहीत नाव लिहून घेई. ज्याचे नाव आधी, त्याला पुस्तक आधी.

३/ ही नोंद म्हणजे वाचनालयाने सभासदाला दिलेला शब्द होता. मात्र तो शब्द गावापुरताच होता. पुस्तक सभासदांच्या पैशातून आलेले. ते परगावी पाठवले, तर वर्गणी भरणाऱ्याला थांबावे लागणार. दोन वाचनालयांनी एकमेकांची पुस्तके फिरवावीत की नाही, या प्रश्नातली खरी अडचण पहिल्यापासून हीच आहे.

४/ या अडचणीचे एक उत्तर बडोद्याने फार पूर्वी दिले. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च संस्थानाने उचलला. पुस्तक प्रवास करणार असेल, तर त्याचे भाडे कोणी भरायचे हे तेथे आधीच ठरले होते.

५/ मुंबई प्रांतात १९३९ मध्ये असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली गेली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत एक साखळी असावी, अशी योजना तिने मांडली. परंतु वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. ही योजना त्याच्यासाठी नव्हती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथे हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा १९५५ मध्ये आला. एका भाषेच्या तीन प्रदेशांत ग्रंथालयांच्या तीन तऱ्हा होत्या.

६/ १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम संमत झाला. ग्रंथालय संचालनालय, विभागीय आणि जिल्हा ग्रंथालये, मान्यता आणि अनुदान यांची चौकट तयार झाली. मात्र ग्रंथालय कर बसवला गेला नाही आणि मान्यताप्राप्त वाचनालये स्वतंत्र संस्थाच राहिल्या. अनुदानाचे सूत्र एक झाले. दाखल नोंदवही, वर्गणी आणि नियम ज्याचे त्याच्याकडे राहिले.

७/ त्याच १९६७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन ‘ओसीएलसी’ ही संस्था काढली. २६ ऑगस्ट १९७१ रोजी तिची संयुक्त तालिका संगणकावर सुरू झाली. परंतु त्या तालिकेवरून परस्परांकडे पुस्तके मागण्याची यंत्रणा १९७९ मध्ये आली. पुस्तक कोठे आहे हे कळणे आणि ते हाती पडणे यांत तेथेही आठ वर्षे गेली.

८/ पुढे संगणकप्रणालींनी मागणी नोंदवहीची जागा घेतली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी तयार झालेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली २००० मध्ये वापरात आली. भारतातील अनेक ग्रंथालयेही ती वापरतात. अनेक शाखांची एक तालिका, वाचकाने निवडलेले घेण्याचे ठिकाण आणि मागणीची रांग हे सारे तीत सांभाळता येते. रांगेचा नियम मात्र माणसांनाच ठरवावा लागतो.

९/ समजा, अकोल्यात एकच प्रत आहे. पहिली मागणी अमरावतीची, दुसरी अकोल्याची, तिसरी पुन्हा अमरावतीची. तारखेनुसार गेले, तर पुस्तक शंभर किलोमीटर जाईल, परत येईल आणि पुन्हा जाईल. स्थानिक वाचकाला आधी दिले, तर एक येरझार वाचते. पण अकोल्यात रोज नवी मागणी आली, तर पहिला क्रमांक असूनही अमरावतीचा वाचक मागेच राहतो.

१०/ म्हणून मधला मार्ग लागतो : स्थानिकाला प्राधान्य, पण ठरावीक दिवसांपुरते, त्यानंतर तारीखच प्रमाण. मागणी विशिष्ट प्रतीवर न ठेवता शीर्षकावर ठेवायची, म्हणजे जी प्रत आधी मोकळी होईल ती देता येते. राखून ठेवलेले पुस्तक मुदतीत कोणी नेले नाही, तर ते पुढच्या वाचकाला द्यायचे.

११/ अकोल्यात अशा सहकार्याचे एक चालते उदाहरण आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००७ मध्ये ‘सेरा’ हा कृषी ग्रंथालयांचा संघ उभारला. आपल्याकडे नसलेला शोधलेख दुसऱ्या संस्थेकडून मागवण्याची सोय त्यात झाली. येथे रांगेचा प्रश्न उरत नाही, कारण लेखाची प्रतिलिपी जाते. मूळ अंक कपाटातच राहतो. पुस्तकाला ही सवलत नाही.

१२/ पुस्तकांसाठी दिल्लीत १९८८ मध्ये सुरू झालेले ‘डेलनेट’ आहे. विद्यापीठांची पुस्तके ‘इंडकॅट’ या संयुक्त तालिकेत शोधता येतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांतील वाचकाला त्यामुळे पुस्तकाचा ठावठिकाणा लागू शकतो. परंतु पुढची पायरी बहुधा ग्रंथपालाने ग्रंथपालाकडे केलेल्या मागणीचीच असते. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत तर एका तालिकेवरून दुसऱ्या गावचे पुस्तक राखून ठेवण्याची सोय अद्याप सर्वत्र रुळलेली नाही.

१३/ प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक आणि वाचकाच्या वेळेची बचत ही रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतली तीन. एका प्रतीवर दोन गावांतून मागणी आली, की ही सूत्रेच एकमेकांना अडवू लागतात. अमरावतीच्या वाचकाला पुस्तक मिळावे, तर अकोल्याच्या वाचकाचा वेळ जातो.

१४/ उद्या वऱ्हाडातील वाचनालयांची एकच तालिका झाली, तरी तीन गोष्टी आधी लिहून ठराव्या लागतील : रांगेत पहिला कोण, वाहतुकीचा खर्च कोणाचा आणि वाटेत पुस्तक हरवले तर भरपाई कोणी द्यायची. ओहायोला संगणक होते, तरी हे ठरवावे लागले. बडोद्याला संगणक नव्हते, तरी पेट्या गावोगाव पोहोचल्या.