अडीअडचणीचा पैसा

ज्या घरात जमाखर्चाची वही नियमाने लिहिली जाते, त्या घरातील वहीची पाने चाळली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. धान्य, दूध, जळण, घरभाडे, मुलांची फी या रकमा थोड्याफार फरकाने दर महिन्याला त्याच असतात. गृहिणीला त्या तोंडपाठ असतात. महागाई वाढली की ती डाळीत पाणी थोडे अधिक घालते, सणाचे कापड पुढच्या वर्षावर ढकलते आणि महिना पार पाडते. परंतु वर्षा-दोन वर्षांतून एखादे पान असे येते की, त्यावरील एकच आकडा मागच्या बारा पानांवरील काटकसर पुसून टाकतो. कर्त्या माणसाचे आजारपण, बाळंतपणात ओढवलेले संकट, ज्यावर पोट चालते त्या यंत्राची मोडतोड, असे काहीतरी त्या पानावर लिहिलेले असते. संसार मोडतो तो बहुधा रोजच्या खर्चाने नव्हे, तर अशा अवचित खर्चाने.

म्हणून घरखर्चाचा इतिहास हा नुसत्या काटकसरीचा इतिहास नाही. एका घराला न पेलणारा भार अनेक घरांनी आधीच वाटून घ्यावा, ही युक्ती माणसे हळूहळू कशी शिकली, याचाही तो इतिहास आहे.

पूर्वी अडल्या घरापुढे वाटा दोनच असत. एक सोनाराची आणि दुसरी सावकाराची. अंगावरचे सोने ही स्त्रीची हौस खरीच, परंतु ती घराची ठेवही होती. आणि ती ठेव एकदाच मोडता येई. त्यानंतर उरे तो सावकार. त्याच्या व्याजाने काय होते, हे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावाने जगाला दाखविले. तेथील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे आणि खातेवह्या ओढून काढल्या आणि त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. कागद जळले, कायदाही झाला. तथापि पुढच्या अडचणीच्या वेळी पैसा आणावयाचा कोठून, हा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, बडोद्यात मिळाले. सयाजीराव गायकवाडांच्या त्या संस्थानात नोकरीपेशाने स्थायिक झालेली पुष्कळ मराठी कुटुंबे होती. पगार ठरलेला, पण लग्नकार्य आणि आजारपण पगाराचा दिवस पाहून येत नसे. अशा काही मध्यमवर्गीय कुटुंबांनी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ५ फेब्रुवारी १८८९ रोजी परस्परांच्या साहाय्यासाठी एक मंडळी स्थापन केली. 'अन्योन्य' या शब्दातच तिचे सारे तत्त्व सामावलेले होते. एकमेकांनी एकमेकांना, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येकाने थोडे थोडे जमवावयाचे आणि ज्याला गरज पडेल त्याने त्यातून रास्त व्याजाने घ्यावयाचे. आज घेणारा उद्या देणारा असतो. त्यामुळे घेताना मान खाली घालावी लागत नाही. हिंदुस्थानातील नागरी सहकारी पतसंस्थांचा आरंभ याच मंडळीपासून मानला जातो. विशेष म्हणजे अशा संस्थांसाठी त्या वेळी देशात कायदादेखील नव्हता.

तो कायदा १९०४ मध्ये झाला आणि बडोद्याच्या मराठी कुटुंबांनी जे आपल्यापुरते केले होते ते गावोगाव होऊ लागले. १९०५ मध्ये आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली. १९०६ च्या जानेवारीत पुण्यात कॉसमॉस ही संस्था निघाली. पुढच्याच महिन्यात, १५ फेब्रुवारीस गोकाक अर्बन आणि २३ फेब्रुवारीस बेळगाव पायोनियर, अशा दोन संस्था एकट्या बेळगाव जिल्ह्यात निघाल्या.

कायद्याच्या आधाराविनाही हीच बुद्धी अन्यत्र काम करीत होती. आपल्याकडची भिशी हे तिचे सर्वांत साधे रूप होय. पोटासाठी मुंबईस आलेल्या गोवेकरांचे 'कूड' हे दुसरे. धोबीतलावाच्या आसपास गोव्यातील एकेका गावाने आपापला कूड चालविला. बोटीवरचा खलाशी किंवा नोकरीच्या शोधात आलेला तरुण अल्प वर्गणीत तेथे पेटी ठेवी, अंथरूण पसरी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत सामील होई. बोट मिळेपर्यंत किंवा आजारातून उठेपर्यंत डोक्यावर छप्पर आहे, एवढा भरवसा त्या वर्गणीने विकत मिळे.

अडचणीच्या पैशाचा प्रश्न येथवर आला. पण घरखर्चाची दुसरी बाजू आहे ती विकत घेतलेल्या वस्तूच्या भरवशाची. पैसा देऊन आणलेली वस्तू खोटी निघाली, तर तोही अवचित खर्चच. या बाजूचा धडा घालून दिला तो इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावाने. बडोद्याच्या मंडळीच्या चव्वेचाळीस वर्षे आधी, २१ डिसेंबर १८४४ रोजी, तेथील टोड लेनमध्ये विणकर आणि इतर कारागीर अशा अठ्ठावीस जणांनी अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर एक लहानसे दुकान उघडले. विकावयास होते ते लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. त्या काळी कामगारवस्तीतील दुकानदार वजनात मारीत आणि पिठात भेसळ करीत. शिवाय उधारीने बांधलेल्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्याची सोय नसे. या अठ्ठावीस जणांनी नियम केले ते असे: माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा, प्रत्येक सभासदाला एकच मत, आणि नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. घरात जितके पीठ लागले तितकी शिल्लकही वर्षाअखेर वाढली. खर्चातूनच बचत निर्माण करण्याची ही युक्ती पुढे जगभर पसरली.

रॉचडेलच्या लोकांनी उधारीला दार बंद केले, तर अमेरिकेत सिंगर कंपनीने १८५६ च्या सुमारास उधारीलाच एक नवे रूप दिले. शिवणयंत्राची किंमत सामान्य घराला एकदम देणे अशक्य होते. तेव्हा थोडी रक्कम हाती घेऊन यंत्र घरी पाठवावयाचे आणि बाकी महिन्याच्या हप्त्यांनी वसूल करावयाची, अशी रीत तिने सुरू केली. हप्त्याचा दोष सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मोहाने नको त्या वस्तूही घरात येतात. परंतु शिवणयंत्र ही नुसती वस्तू नव्हती. ते घरातील कपडे शिवी आणि शेजारचे चार कपडे शिवून स्वतःचा हप्ताही फेडी. किती विधवांनी अशा एका यंत्रावर मुले वाढविली, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. जी वस्तू मोडकी निघाली तर घर बुडते आणि टिकली तर घर तरते, तिची निवड कशी करावयाची, हा म्हणूनच लहान प्रश्न नव्हे.

वस्तूच्या पोटात काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. इस्त्रीतील तार, स्टोव्हची टाकी, कुकरची झडप यांची परीक्षा स्वयंपाकघरात करता येत नाही. आणि केली तर ती जिवावर बेतते. ती परीक्षा सर्वांच्या वतीने एकदाच कोणीतरी करावी, हाही भार वाटून घेण्याचाच प्रकार. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी १९४७ मध्ये, भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने मालावर प्रमाणचिन्ह उमटविण्याची व्यवस्था झाली. 'आयएसआय छाप' हे शब्द मराठी घरांत रूढ झाले ते त्यामुळे. २००६ पासून फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रांवर वीजबचतीचे तारेही दिसू लागले. त्यांचा अर्थ सरळ आहे. यंत्राची किंमत दोनदा द्यावी लागते, एकदा दुकानात आणि मग दर महिन्याला विजेच्या बिलात. स्वस्त मिळालेले यंत्र पुष्कळदा बिलातून आपली उरलेली किंमत वसूल करते.

आता आजारपणाकडे वळावे. येथे पतसंस्था अपुरी पडते. कर्ज कितीही रास्त व्याजाचे असले तरी ते फेडावे लागते. आणि आजार असा की, तो औषधाचा खर्च वाढवितो आणि त्याच वेळी मिळकत बंद करतो. म्हणून येथे कर्जाऐवजी विमा लागतो. त्याचे गणित अगदी साधे आहे. समजा, एका वस्तीत शंभर घरे आहेत आणि वर्षाकाठी त्यांपैकी दोन घरांवर पन्नास पन्नास हजारांचा रुग्णालयाचा खर्च कोसळतो. एकूण खर्च लाख रुपये. म्हणजे दर घरी वर्षाला हजार. पन्नास हजारांनी जे घर उद्ध्वस्त झाले असते, ते हजारांनी होत नाही. मात्र यात एक अट आहे. जे आजारी आहेत तेवढेच वर्गणी भरू लागले आणि धडधाकट लोक बाहेर राहिले, तर हे गणित कोलमडते. सर्वांनी आत यावे लागते.

हे ओळखून जर्मनीने १८८३ मध्ये कामगारांचा आजारविमा कायद्याने सक्तीचा केला. वर्गणीचे दोन भाग कामगाराचे आणि एक भाग मालकाचा. आजारात औषधोपचार आणि तेरा आठवड्यांपर्यंत अर्धा पगार. चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या मनात कामगारांना समाजवाद्यांपासून तोडण्याचा हेतू होता, हे खरे. पण हेतू राजकीय असला तरी आजारी कामगाराच्या घरातील चूल पेटती राहिली.

आपल्या देशात या कामाची आखणी केली ती प्रा. बी. पी. आडारकर यांनी. महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, त्यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले आणि १९४४ मध्ये त्यांनी आपला अहवाल सादर केला. व्हाइसरॉयच्या मंडळात त्या वेळी मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या आखणीतून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात योजनेचा प्रारंभ झाला. दिल्लीतही ती त्याच वेळी लागू झाली. कामगाराच्या वेतनातून थोडे, मालकाकडून अधिक, अशी तिची वर्गणी. २०१९ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे कामगाराचा वाटा शंभर रुपयांस पाऊण रुपया आणि मालकाचा सव्वातीन रुपये आहे. औषधोपचाराबरोबरच आजारातील भत्ता, बाळंतपणाचा लाभ आणि अपघातात गेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला आधार, हे सर्व त्यात येते.

परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर जे राहिले त्यांचे काय? शेतमजूर, भाजीवाली, शिलाई करणारी, निवृत्त शिक्षक यांना मालक नाही. मग दुसरा वाटा भरणार कोण? १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणला, तेव्हा ज्यांना हप्ता परवडत होता त्यांची सोय झाली. गरिबांची वाट पुन्हा सहकारातूनच निघाली. २००३ मध्ये कर्नाटकात सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी 'यशस्विनी' योजना सुरू झाली, आणि आरंभीचा हप्ता होता माणशी वर्षाला साठ रुपये, म्हणजे महिन्याला पाच. २०१८ मध्ये ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली. पण २०२२ मध्ये तिची नोंदणी पुन्हा सुरू करावी लागली. हैदराबाद राजधानी असलेल्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २००७ मध्ये 'आरोग्यश्री' आणि गोव्यात २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना निघाली. २०१८ मध्ये केंद्राच्या 'आयुष्मान भारत' योजनेने गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण दिले, आणि २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्वांना, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो, त्यात स्थान मिळाले.

या साऱ्या वाटचालीत अपयशही आहे, आणि ते झाकून चालणार नाही. बडोद्याच्या ज्या 'अन्योन्य'पासून आरंभ झाला, ती पुढे बँक झाली. आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती अशा अडचणीत आली की, रिझर्व्ह बँकेला तिच्या व्यवहारांवर निर्बंध घालावे लागले. शतकाहून जुन्या नावानेही ठेवीदाराची चिंता टळली नाही. सुदैवाने ठेवींचा विमा ही व्यवस्था देशात १९६२ पासून आहे आणि २०२० मध्ये तिची मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली. विम्याचेही तसेच. हप्ता भरताना न वाचलेली अट रुग्णालयाच्या दारात वाचावी लागते. आधीपासून असलेल्या आजारासाठी ठेवलेला थांबण्याचा काळ २०२४ च्या नियमांनी तीन वर्षांवर आणला आहे. पण तो काळ विमा उतरविल्यापासून मोजला जातो, दुखणे उठल्यापासून नव्हे. म्हणून विमा घ्यावयाचा तो प्रकृती चांगली असताना, आणि घरातील दोघांनी मिळून त्याचा कागद वाचून.

कवठेकर आणि त्यांचे सोबती किंवा रॉचडेलचे ते अठ्ठावीस जण श्रीमंत नव्हते. त्यांच्यापाशी होती ती थोडी रक्कम आणि एकमेकांना हिशोब दाखविण्याची तयारी. जेथे हिशोब उघडा राहिला तेथे वाटून घेतलेला भार हलका झाला. जेथे तो झाकला गेला तेथे अनेकांची शिल्लक एकदम बुडाली. घरातील वहीलाही हाच नियम लागू आहे. तिच्यात दर महिन्याला, दूध आणि भाडे यांच्याच ओळीत, एक लहानशी रकम अडीअडचणीच्या नावाने लिहिली जावी, मग ती संस्थेची वर्गणी असो वा विम्याचा हप्ता. ज्या महिन्यात ती व्यर्थ गेली असे वाटेल, त्या महिन्यात ती शेजारच्या एखाद्या घराच्या कामी आलेली असेल.