कुंडलिकेच्या मुखाशी फिलिप राजा

रोह्याची कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथे एका काठी रेवदंडा आणि समोर कोर्लईचा डोंगर उभा आहे. हे पोर्तुगीजांचे किल्ले, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. परंतु १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच मस्तकी होता, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने कोर्लईवर उभारलेला किल्ला १५९४ साली पोर्तुगीजांनी जिंकला, तेव्हा तो स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या पदरात पडला. आणि त्याच वेळी हा फिलिप युरोपात हॉलंडच्या लोकांशी झुंजत होता.

हॉलंड हा त्याचा वडिलोपार्जित मुलूख. नव्या धर्ममताच्या लोकांचा तेथे छळ झाला. १५६७ साली आल्बा नावाचा सरदार फौज घेऊन आला. पुढे त्याने प्रत्येक विक्रीवर दहावा हिस्सा कर मागितला. पेणच्या पेठेत असा कर कसा झोंबला असता, हे आम्ही सांगावयास नको!

पण पेणकरांना खरी उमजेल ती लायडन शहराची हकीकत. १५७४ साली स्पॅनिश फौजेने या शहरास वेढा घातला. सोडवावयास जमिनीवरचे सैन्य पुरेसे नव्हते; होत्या त्या होड्या. तेव्हा विल्यम ऑफ ऑरेंज याच्या सल्ल्याने हॉलंडच्या प्रतिनिधींनी आपलेच बांध फोडावयाचे ठरविले. वाशी-वढावकडच्या शेतकऱ्यास विचारा, याचा अर्थ काय! उधाणाने बाहेरकाठा फुटला की एक पीक जाऊन भागत नाही. खारे पाणी शिरलेली जमीन पुढे कित्येक हंगाम भात देत नाही. म्हणून तर खांड पडली की सारा गाव काठ्याकडे धावतो. तेथे लोकांनी ती खांड आपल्या हातांनी पाडली. एवढे करूनही पाणी पुरेसे चढेना. सपाट तळाच्या होड्या वाटेतच रुतल्या, आणि शहरात भुकेने व रोगाने माणसे हजारांनी मेली. अखेर वारा फिरला, पाणी चढले, शत्रू रातोरात निघून गेला आणि ३ ऑक्टोबरला होड्या शहरात शिरल्या. पुढल्याच वर्षी तेथे विद्यापीठ निघाले. १५८१ मध्ये प्रांतांच्या सभेने फिलिप आपला राजा नव्हे, असे जाहीर केले.

कोर्लईवर शौर्य कमी पडले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आमच्या समजुतीने ते सुलतानाचे युद्ध होते; चौलच्या कोळ्यास वा बागाईतदारास त्यात कोणी काय पुसले असेल? १५९५ साली बुऱ्हाण वारला, वारसाचे तंटे माजले आणि मोगल अहमदनगरच्या वेशीशी आले. मग कोर्लईकडे कोण बघणार?

फिलिपने लिस्बनचे बंदर डचांना बंद केले, तसे ते मसाल्यासाठी स्वतःच पूर्वेकडे निघाले. १६०२ साली त्यांची कंपनी झाली, १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार पडली. तत्पूर्वी, १६२१ साली, याच कंपनीने जायफळासाठी बांदा बेटांवरील रहिवाशांची कत्तल केली होती. लायडनच्या वेढ्याला तेव्हा पन्नास वर्षेही झाली नव्हती.

स्पेनने डचांचे स्वातंत्र्य १६४८ साली मान्य केले. कोर्लई मराठ्यांच्या हाती येण्यास मात्र १७४० साल उजाडावे लागले.