सेक्स पिस्टल्स : प्रारंभीचे कार्यक्रम

पंक रॉक या संगीतप्रकारातील ब्रिटिश वाद्यवृंद. त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाविद्यालयात झाला. काही गाण्यांनंतर तो बंद पाडण्यात आला. खरा फलदायी ठरला तो मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमधील ४ जून १९७६ चा कार्यक्रम. हॉवर्ड डेव्होटो व पीट शेली हे त्याचे आयोजक. श्रोते ४० च्या आसपास असावेत. आपण तेथे होतो, असे सांगणारे मात्र पुढे शेकड्यांनी निघाले. बेताच्या वादनकौशल्यावरही रंगमंचावर उभे राहता येते, हा धीर श्रोत्यांना त्यातून मिळाला. पीटर हुक यांनी दुसऱ्याच दिवशी बास गिटार विकत घेतली. बर्नार्ड समनर यांच्यासह त्यांनी उभारलेला वृंद पुढे जॉय डिव्हिजन म्हणून प्रसिद्धीस आला. २० जुलै रोजी त्याच सभागृहातील दुसऱ्या कार्यक्रमात आयोजकांचा बझकॉक्स हा वृंदही वाजविण्यास उभा राहिला.