पाण्यातली घसर



खानदेशाला समुद्र नाही. तरीही आगबोटीच्या पंख्याचा इतिहास आम्ही आज येथे सांगावयास घेतला आहे, आणि त्याचे कारण आपल्या नद्या आहेत. १८७२ साली गिरणा व पांझरा यांना असा पूर आला की खानदेशातील १५२ गावांची हानी झाली. त्या काळी बुडत्याला काढावयास पट्टीचा पोहणारा, दोर आणि ओंडका एवढीच साधने होती. आज धुळ्यास राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आहेत, आणि त्यांचे जवान यंत्राच्या बोटी घेऊन पुरात उतरतात. त्या यंत्राची सगळी ताकद अखेर मागच्या वीतभर पंख्यातून पाण्यात जाते. ती पुरी जात नाही. तिच्यातली काही वाटेतच गळते. या गळतीला कारागीर 'स्लिप' म्हणतात, आम्ही तिला घसर म्हणू.

आम्ही काही इंजिनिअर नव्हे. आमचे शिक्षण गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयांत झाले. पण घसर म्हणजे काय हे खानदेशच्या माणसाला शिकवावे लागत नाही. पावसाने भिजलेल्या काळ्या रानात ट्रॅक्टरचे चाक दहा फेरे फिरते आणि गाडी सहा-सात फेऱ्यांइतकीच पुढे सरकते. पट्ट्यावर चालणाऱ्या कारखान्यांत पट्टा घसरला की माग मंद चाले, कापड कमी उतरे, आणि उक्त्या कामावरच्या विणकराची मजुरीही तेवढीच कमी होई. जळगावची खानदेश मिल आता बंद झाली आहे. पण पट्ट्यावर राळ टाकून घसर थांबविण्याची युक्ती जुने कामगार अजून सांगतात. घसर यंत्राची असली तरी तिची किंमत कोणीतरी माणूस भरतो, एवढे या उदाहरणांवरून ध्यानात ठेवावे.

आता पंख्याचा हिशेब पाहू. बोटीचा पंखा म्हणजे मळसूत्राचा तुकडा. बोल्टाचा आटा एका फेऱ्यात जितका आत शिरतो तितकी त्याची चाल, आणि पंख्याच्या या चालीला 'पिच' म्हणतात. समजा, पिच ५० सेंटिमीटर आहे आणि पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेतो. पाणी लाकडासारखे घट्ट असते तर बोट मिनिटाला १,२०० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर गेली असती. प्रत्यक्षात ती ६३ किलोमीटर जाते. उरलेले ९ किलोमीटर ही घसर, म्हणजे साडेबारा टक्के. जुन्या हिशेबाने रुपयात दोन आणे. हलक्या, वेगवान बोटीला दहा ते पंधरा टक्के घसर सामान्य समजली जाते. जड ओझे ओढणाऱ्या बोटीत ती याच्या कितीतरी पट असते.

हे ज्ञान एका दिवसात आले नाही. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली, तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना मोठाली फिरती चाके होती. सगळ्याच आगबोटी तेव्हा अशा चालत. लाटांत बोट कलली की एक चाक खोल बुडे आणि दुसरे हवेत फिरे. मळसूत्राने पाणी उपसण्याची युक्ती आर्किमिडीजच्या नावाने प्राचीन काळापासून प्रसिद्ध होती. त्याच मळसूत्राने बोट ढकलावी हा विचार अनेकांना सुचला. परंतु तो नेटाने तडीस नेणाऱ्यांपैकी एक इंग्लंडातला शेतकरी होता. फ्रान्सिस पेटिट स्मिथ त्याचे नाव. तळ्यात लहान प्रतिकृती चालवून त्याने प्रयोग केले आणि १८३६ साली पेटंट घेतले. त्याच वर्षी, थोड्या आठवड्यांच्या अंतराने, स्वीडनच्या जॉन एरिक्सननेही घेतले.

स्मिथच्या पहिल्या बोटीला दोन पूर्ण वेढ्यांचे लाकडी मळसूत्र होते. जितके वेढे अधिक तितकी पकड अधिक, अशी तेव्हाची समजूत. १८३७ साली कालव्यात चाचणी चालू असता त्या मळसूत्राचा निम्मा भाग मोडून पडला, आणि बोट मंदावण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली! लांबच लांब वेढे पाणी ढकलण्यापेक्षा त्याच्याशी घासण्यातच ताकद घालवीत होते. स्मिथचे मोठेपण असे की त्याने मोडलेला तुकडा पुन्हा जोडला नाही, पुढचे मळसूत्र एका वेढ्याचे केले. पुढे ३ एप्रिल १८४५ रोजी इंग्रजी आरमाराने पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' या बोटी पाठीला पाठ लावून बांधल्या. रॅटलरने अलेक्टोला उलटी ओढीत नेले. रॅटलरचे इंजिन अधिक ताकदीचे होते हे खरे. पण लोकांच्या मनात पंखा जिंकला.

मग प्रश्न उरला घसरीचा. ती अजिबात नाहीशी करता येईल काय? १८६५ साली रँकिन या स्कॉटिश विद्वानाने याचे गणित मांडले. पंखा पाण्याला मागे लोटतो म्हणून बोट पुढे जाते. पाणी मागे सरकलेच नाही तर रेटाही मिळणार नाही. म्हणजे थोडी घसर ही रेट्याची किंमतच आहे. परंतु किंमत किती द्यावी, हे आपल्या हाती असते. थोडे पाणी जोराने लोटण्याऐवजी दुप्पट पाणी निम्म्या जोराने लोटले, तर रेटा तितकाच मिळतो आणि पाण्यात वाया जाणारी ताकद निम्मी होते. म्हणून जड बोटीला मोठा, रुंद पात्यांचा, सावकाश फिरणारा पंखा चांगला.

ही वाया जाणारी ताकद म्हणजे त्या काळी कोळसा होता, आणि तो कोळसा कोणी तरी फावड्याने भट्टीत टाकीत होता. इंग्रजी कंपन्यांच्या कितीतरी जहाजांच्या भट्टीघरांत हिंदी आगवाले राबले. पंखा वाईट असला तर तेवढ्याच प्रवासाला अधिक फावडी मारावी लागत. घसरीचे कोष्टक मांडणाऱ्याने हा घाम त्यात धरला नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे तो धरल्यावाचून राहत नाही.

घसरीचा दुसरा प्रकार १८९४ साली उघडा पडला. चार्ल्स पार्सन्सने वाफेच्या टर्बाइनवर चालणारी 'टर्बिनिया' ही बोट बांधली. यंत्र अफाट वेगाने फिरे, पण बोट २० नॉटही गाठीना. अनेक पंखे बदलले, तरी गुण आला नाही. पार्सन्सने लहानशी पेटी केली, तिच्यातील हवेचा दाब उतरवला, आणि लखलखत्या उजेडात फिरता पंखा न्याहाळला. पात्यांच्या पाठीवर दाब इतका उतरत होता की थंड पाणीच उकळून वाफेचे फुगे होत होते. पंखा पाण्यात नव्हे, पोकळीत फिरत होता. मग त्याने एकाऐवजी तीन दांडे बसविले, प्रत्येकावर तीन पंखे, आणि भार नऊ पंख्यांवर वाटून दिला. २६ जून १८९७ रोजी स्पिटहेड येथे राणीच्या आरमारी संचलनात तीच बोट ३४ नॉटांनी, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटरने धावली.

शर्यतीच्या बोटी याच मार्गाने पुढे गेल्या. मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर पी-वन शर्यत झाली, तेव्हा किनाऱ्यावर जमलेल्यांनी फेस आणि वेग पाहिला. पण असल्या शर्यतींमागे इंच-इंचाची मेहनत असते. इंजिन थोडे वर घेतले तर पाण्याचा विरोध घटतो, फार वर घेतले तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढून मोकळा फिरतो. पात्याची मागची कड किंचित वळविली तर पाण्याची पकड वाढते. तीनऐवजी चार पाती लावली तर पकड वाढते, मात्र टोकाचा वेग थोडा उतरू शकतो. पाते दगडाला लागून वाकले, तळाला शेवाळ धरले किंवा ओझे एका टोकाला गेले, तर सगळी मेहनत वाया.

पुराची बोट मात्र शर्यतीची नव्हे. ती रिकामी जाते आणि माणसांनी भरून परतते. मोठ्या पिचचा शर्यतीचा पंखा तिला लावला तर भरल्या ओझ्याखाली इंजिन गुदमरते आणि घसर वाढते; तिला लहान पिचचा, भरपूर पात्याचा पंखा हवा. शिवाय बंधाऱ्याखालचे पाणी फेसाळ, हवेने भरलेले असते. त्यात कोणत्याही पंख्याची पकड सुटते. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना धुळ्याच्या दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. त्या अपघाताचे खापर आम्ही पंख्यावर फोडीत नाही. परंतु अशा पाण्यात जे जातात, त्यांच्या पंख्याची घसर कोरड्या दिवशी, शांत पाण्यात कोणी तरी मोजलेली असावी, एवढे मागण्याचा आपणांस अधिकार आहे.

हे काम अवघड नाही. इंजिनाचे फेरे आणि बोटीचा वेग हे दोन आकडे पुरतात. पंखा इंजिनापेक्षा किती मंद फिरतो हे इंजिनाच्या पुस्तकात दिलेले असते. वाहत्या पाण्यात वेग प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाविरुद्ध असा दोनदा मोजून सरासरी घ्यावी. हिशेबात घसर शून्य आली तर आनंद मानू नये, मोजमाप तपासावे. एकदा रिकाम्या बोटीचे, एकदा भरल्या बोटीचे आकडे वहीत लिहावेत, आणि दरवर्षी मृगाआधी ते ताडून पाहावेत. मागील वर्षापेक्षा घसर वाढली असेल तर पाते वाकले आहे, तळ खराब झाला आहे किंवा इंजिनाची उंची बदलली आहे, हे पूर येण्यापूर्वीच कळेल.

मृग फार दूर नाही. आपापल्या तालुक्यात पुराची बोट असेल तर तिची ही वही पाहावयास मागा. आणि वही नसेल, तर ती सुरू करावयास सांगा.